गेउलाबाईंनी दांडा धरला नव्हता

इस्राएलच्या वाळवंटाकाठच्या बेर्शेबात त्या काळी कुणालाही विचारलं असतं की दगडखाणवाल्या झेलिगचं विमान कशामुळे आपटलं, तर तो सहज सांगून गेला असता, "एका इंडियन नर्समुळे. बाई घाबरली, पायलटच्या पुढचा दांडा धरून बसली, आणि विमान नाकावर पडलं." सांगणाऱ्याच्या बोलण्यात रागाचं नाव नसे. उलट शेवटी तो म्हणे, "बिचारी! तिचा तरी काय दोष?"

हे 'बिचारी' गेउलाबाई झिराडकरांच्या जिवाला लागलं होतं. कुणी शिव्या दिल्या असत्या तर त्यांनी परतवल्या असत्या. पण अख्खं गाव माफ करायला निघालं होतं, आणि तेही न केलेल्या गोष्टीबद्दल.

गेउलाबाई मूळच्या रेवदंड्याच्या, कोकणातल्या मराठी यहुदी घरातल्या. वडील सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते, त्यामुळे औषधांच्या वासातच त्या वाढल्या. मुंबईला नर्सिंग शिकल्या, लग्न झाल्यावर झिराडकर झाल्या, आणि इस्राएल नवं होतं तेव्हा नवरा अबाजी आणि तीन वर्षांची एदना यांच्यासह निघाल्या. तेव्हाही विमानानेच आल्या होत्या. वाटेत विमान असं हेलकावे खात होतं की माणसं ओकून ओकून अर्धमेली झाली होती, आणि गेउलाबाई रांगेतून फिरून दुसऱ्यांची पोरं सांभाळत होत्या. इथे आल्यावर त्यांची मुंबईची सर्टिफिकेटं कुणी मानेना. तंबूत राहून त्यांनी इस्पितळाच्या फरशा पुसल्या, हिब्रू शिकल्या, पुन्हा परीक्षा दिली आणि पांढरी टोपी परत मिळवली. अबाजींना मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात भट्टीवर काम लागलं. दोन खोल्यांचं घर मिळालं. इस्पितळात सगळे त्यांना 'अखोत गेउला' म्हणत, म्हणजे सिस्टर गेउला. कुठे लांब वाळवंटात अपघात झाला, बाळंतपण अडलं, की मेट्रन त्यांनाच जीपमध्ये बसवी.

त्रेसष्टच्या उन्हाळ्याआधीची गोष्ट. झेलिगच्या खाणीच्या कॅम्पवर एका कामगाराला विंचू चावला होता. जीपने जायचं तर निम्मा दिवस मोडणार. झेलिगकडे स्वतःचं छोटं दोन सीटचं विमान होतं आणि ते तो स्वतःच चालवी. पन्नाशीचा दणकट माणूस, बारा महिने खाकी हाफ पॅन्ट आणि तोंडात पाइप. इस्पितळाच्या दारात येऊन त्याने हाक मारली, "एक नर्स द्या, संध्याकाळच्या आत परत आणून सोडतो." मेट्रनने गेउलाबाईंकडे पाहिलं. त्यांनी बॅग भरली, सलाइनच्या काचेच्या बाटल्या घेतल्या आणि निघाल्या.

जाताना आणि येताना त्यांना जे दिसलं ते त्यांनी नंतर कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही. खाली सगळं रान भाजलेल्या भाकरीच्या रंगाचं. मध्येच भटक्या बेदुइनांचे काळे तंबू. एक उंटांची ओळ चाललेली, पण उंट दिसत नव्हते, त्यांच्या लांबच लांब सावल्याच तेवढ्या चालत होत्या. विंचू चावलेला माणूस दुपारपर्यंत सावरला होता, चहा प्यायला होता, त्याची काळजी उरली नव्हती. परतताना गेउलाबाई काचेला नाक लावून बसल्या होत्या. भीती कसली? त्यांना खाली उतरूच नये असं वाटत होतं. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा त्या कुणाचंही पोर मांडीवर न घेता आकाशातून जात होत्या.

मांडीवर होत्या त्या उरलेल्या दोन बाटल्या. सलाइन तेव्हा जपून वापरावं लागे. धावपट्टी दिसू लागली तशी झेलिग म्हणाला, "थोडे धक्के बसतील." गेउलाबाईंनी दोन्ही हातांनी बाटल्या छातीशी धरल्या. झेलिगच्या दातांत पाइप तसाच होता, पेटलेला. विमान खाली खाली आलं, बाभळीची झाडं अंगावर आल्यासारखी झाली, आणि तेवढ्यात एक हिसका बसला. पाइपातला निखारा उडाला आणि त्याच्या उघड्या मांड्यांच्या मध्ये पडला. झेलिग ओरडला. दोन्ही हात सोडून मांडी झटकू लागला, अर्धवट उठला, आणि त्याचा गुडघा पुढच्या दांड्यावर बसला. विमानाने नाक खाली घातलं. पुढचं गेउलाबाईंना तुकड्यातुकड्यानेच आठवत होतं: पंख्याचा कडकडाट, धूळ, आणि आपण उलट्या टांगलेल्या.

एक बाटली फुटली, एक वाचली. बाटल्या न सोडल्यामुळे डाव्या मनगटाचं हाड मोडलं. झेलिगला खरचटलंसुद्धा नव्हतं, मांडीवरचा भाजल्याचा डाग सोडून. आतल्या बाजूला, रुपयाएवढा, चांगला खोल. दोघं सरपटत बाहेर आली आणि धावपट्टीच्या कडेला बसली. पहारेकरी गाडी आणायला धावला. झेलिग कण्हत होता. गेउलाबाईंनी उजव्या हाताने बॅग उघडली, दातांनी मलमाची ट्यूब सोडली, आणि एका हाताने त्याच्या मांडीला ड्रेसिंग केलं. त्यांचं स्वतःचं मनगट तोवर वांग्यासारखं सुजलं होतं.

"तुझे हात सोन्याचे आहेत, अखोत गेउला," झेलिग म्हणाला. हे त्याचं वाक्य त्यांच्या चांगलं लक्षात राहिलं. कारण त्याच हातांबद्दल दोन दिवसांनी तो चौकशी करणाऱ्यांना म्हणाला, की त्या हातांनी दांडा धरला.

बेर्शेबाच्या वर्तमानपत्रात चार ओळी आल्या: 'घाबरलेल्या परिचारिकेमुळे विमानाला अपघात, पायलटच्या प्रसंगावधानाने दोघांचे प्राण वाचले.' त्या चार ओळी मेट्रननेच त्यांना वाचून दाखवल्या आणि म्हणाली, "तुझ्या भल्यासाठीच सांगते, आता काही दिवस बाहेरगावी पाठवत नाही. तान्ह्या बाळांच्या वजनकाट्यावर बैस."

"मी दांड्याला हात लावला नाही," गेउलाबाई म्हणाल्या.

"असू दे गं. माणूस आहेस."

"माणूस आहे, पण हात दोनच आहेत. दोन्ही बाटल्यांवर होते. तिसरा कुठून आणला?"

मेट्रन हसली आणि कामाला लागली.

शनिवारी प्रार्थनेला सभास्थानात गेल्या तर बायकांनी त्यांना गराडा घातला. सुझॅन म्हणून एक शेजारीण होती, जॉशुआची बायको, मुंबईहून नुकतीच आलेली, मनाने अगदी मोकळी. ती म्हणाली, "गेउलाबाई, तुम्ही नुसता दांडा धरलात. मी असते तर त्या मेल्याचा गळाच धरला असता! एवढं काय लावून घेता?" सगळ्या हसल्या. गेउलाबाईंनी तिला सांगितलं की मी काहीच धरलं नाही. "बरं बरं, नाही धरलंत," सुझॅन म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून पुन्हा हसली.

आता कुणी म्हणेल, त्यांनी मांडीवरच्या डागाचं का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण गेउलाबाई नर्स होत्या. मुंबईला शिकताना त्यांच्या मनावर ठसवलं होतं की पेशंटच्या अंगावर जे दिसलं ते वॉर्डाबाहेर न्यायचं नाही. ड्रेसिंग केलं त्या क्षणापासून झेलिग त्यांचा पेशंट होता. शिवाय डाग अशा जागी, की त्याचं नाव काढणं बाईमाणसाला शोभेना. हे सगळं झेलिगला नीट माहीत होतं, आणि हेच त्यांना जास्त झोंबत होतं. त्यांच्या सभ्यपणाच्या आड तो खुशाल लपला होता.

मनगट प्लास्टरमध्ये असतानाच त्या त्याच्या ऑफिसात गेल्या. झेलिगने उठून खुर्ची दिली, कॉफी मागवली, चॉकलेटांचा मोठा डबा पुढे केला.

"तुलाच पाठवणार होतो," तो म्हणाला. "हात कसा आहे?"

"हात बरा होईल. तू खोटं का बोललास?" हिब्रूत लहानथोर सगळ्यांना एकच 'तू'. आजवर ते त्यांना अवघडल्यासारखं होई. त्या दिवशी अगदी सोयीचं वाटलं.

झेलिगने दार लोटलं आणि आवाज उतरवला. "हे बघ, मागे माझ्या हातून एकदा विमान उतरवताना विजेच्या तारा तुटल्या होत्या. आता पुन्हा माझी चूक निघाली तर लायसन्स जाईल. मग कॅम्पवर कुणाला साप-विंचू चावला तर? तुला कुणी शिक्षा करणार नाही. पॅसेंजरला कसली शिक्षा? कुणी रागावलंय तुझ्यावर? सगळे म्हणतात, बिचारी घाबरली. तुझं काय जातं?"

गेउलाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मोडलेला हात, गेलेली ड्यूटी, सभास्थानातलं हसू, हे सगळं त्यांच्या जिभेवर आलं. पण ज्याला 'तुझं काय जातं' असं विचारता येतं त्याला सांगून काय समजणार? त्यांनी कॉफीला हात लावला नाही. चॉकलेटांचा डबा त्याच्या खुर्चीवर ठेवून त्या बाहेर पडल्या.

अबाजींना त्यांचं हे जाणं आवडलं नाही. भट्टीवरून आलेला, घामाने निथळलेला तो माणूस वाईट नव्हता, पण वाद म्हटला की तो बाजूला होई. "गेउला, दिवस कसले चाललेत बघतेस ना? जॉशुआच्या मुलाचं लग्न रब्बींच्या धर्मकचेरीत अडलंय. आजी कोण, पणजी कोण, विचारतायत. आपण पुरते यहुदी आहोत की नाही इथपासून सुरुवात आहे. आणि तू एवढ्या बड्या माणसाशी भांडण काढणार? सोडून दे."

"तिथे माझ्या पणजीबद्दल ते ठरवणार, इथे माझ्या हातांबद्दल हा ठरवणार," गेउलाबाई म्हणाल्या. "अहो, माझ्याबद्दल मला माहीत असलेलं काही खरं धरायचं की नाही?"

एदना टेबलाशी अभ्यास करत होती. वय सतरा, पुढच्या वर्षी सैन्यात जाणार. आईबापांचं मराठी तिला कळे, पण उत्तर ती हिब्रूतच देई. मान वर न करता ती म्हणाली, "इमा, दाय! पुरे ना! घाबरलीस तर घाबरलीस. तुम्ही तिकडून आलेले सगळेच घाबरट. पोलिसाला घाबरता, कारकुनाला घाबरता, रब्बीला घाबरता. विमानाला घाबरलीस त्यात नवल काय?"

अबाजींनी मान खाली घातली. गेउलाबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि शिजत आलेल्या वरणाखालचा स्टोव्ह बंद करून तिथेच उभ्या राहिल्या. झेलिग बोलला, मेट्रन बोलली, पेपरवाले बोलले. ती सगळी बाहेरची. पण पोटच्या पोरीने त्या चार ओळी खऱ्या धरल्या होत्या, एवढंच नव्हे, त्यावरून आईबापांच्या अख्ख्या पिढीचा हिशेब करून मोकळी झाली होती. उद्या ती बंदूक खांद्याला लावील आणि मनात म्हणेल, मी आईसारखी नाही.

"अबाजी," त्या आतूनच म्हणाल्या. नवऱ्याला नावाने हाक त्यांनी आयुष्यात तेवढी एकदाच मारली. "मी चौकशीला जाणार. मला बोलावलं नाही तरी जाणार."

विमानखात्याची चौकशी तेल अवीवजवळच्या एका बैठ्या इमारतीत होती. अधिकारी उंच, पिकल्या मिशांचा, महायुद्धात इंग्रजांच्या विमानदळात काम केलेला. तो इंग्रजी जाणतो हे कळल्यावर गेउलाबाईंना अर्धं बळ आलं. झेलिग आधीच येऊन बसला होता. त्याला पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात एकदम लख्ख झालं. बाहेर खमसीनचा गरम वारा सुटला होता, लोक सावली शोधत होते, आणि हा माणूस, ज्याला बेर्शेबात कुणी हाफ पॅन्ट सोडून दुसऱ्या कशात पाहिलं नव्हतं, घोट्यापर्यंतच्या लोकरी विजारीत घाम पुसत बसला होता.

अधिकाऱ्याने त्यांना नम्रपणे समजावलं. "मॅडम, तुमच्यावर काही आरोप नाही. तुम्ही आला नसतात तरी चाललं असतं."

"माझ्यामुळे विमान पडलं असं लिहिणार, आणि आरोप नाही म्हणता?"

"भीतीने माणूस काहीही धरतो. त्याला स्वतःलाही कळत नाही."

"साहेब, माझ्या हातात काचेच्या बाटल्या होत्या. एक मी सोडली नाही म्हणून हे हाड मोडलं. ज्या हातांनी बाटल्या सोडल्या नाहीत त्यांनी दांडा कधी धरला?"

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. "मग विमानाने नाक का खाली घातलं? तुम्ही शेजारीच होतात."

गेउलाबाईंनी एक श्वास घेतला. "ते मी सांगू शकते. पण त्यानंतर या माणसावर मी उपचार केले आहेत. तो माझा पेशंट आहे. त्याच्या अंगावर काय होतं ते त्याच्या परवानगीशिवाय मी बोलणार नाही." मग त्या झेलिगकडे वळल्या आणि सावकाश हिब्रूत म्हणाल्या, "झेलिग, सांगू का? तू देतोस परवानगी? की तू स्वतःच सांगतोस, उजव्या मांडीला काय झालं?"

झेलिगची मान लाल होत गेली.

"मांडीला काय झालं?" अधिकाऱ्याने विचारलं. "इजा काही नाही असं तू लिहून दिलंयस."

"किरकोळ आहे."

"काय किरकोळ?"

गेउलाबाईंना हसू येत नव्हतं, दयाही येत नव्हती. इतके आठवडे जे त्यांच्या एकटीच्या छातीवर होतं ते आता त्या माणसाच्या छातीवर जाऊन बसलं होतं, आणि ते त्याचंच होतं.

"आज फार उकडतंय," अधिकारी म्हणाला. त्याची नजर त्या लोकरी विजारीवर होती. "तू नेहमी अशीच घालतोस?"

झेलिगने रुमाल खिशात घातला. "पाइप," तो म्हणाला. "निखारा पडला."

"उतरताना पाइप ओढत होतास?"

"तीस वर्षं ओढतोय."

"आणि दांडा?"

"सोडला असेन. गुडघा लागला असेल." मग एकदम चिडून तो म्हणाला, "तिचं काय गेलं असतं? ती नर्स आहे, तिला थोडंच विमान चालवायचंय!"

अधिकाऱ्याने खुर्ची सरकवली, गेउलाबाईंना बसायला सांगितलं, आणि त्यांची जबानी पहिल्यापासून लिहून घेतली, उंटांच्या सावल्यांपासून. त्या विमानात त्यांना काय दिसलं हे विचारणारा तो पहिला माणूस.

निकाल लागला: चूक पायलटची, उतरताना धूम्रपान. लायसन्स काढून घेतलं. गेउलाबाईंना वाटलं होतं, आता गाव शहाणं होईल. कुठलं काय! वर्तमानपत्रात एक ओळ आली नाही. त्या स्वतः संपादकाकडे गेल्या, तर तो म्हणाला, "जुनी बातमी झाली, बाई." मेट्रनने क्षमा मागितली नाही. गेउलाबाई तिच्या टेबलापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि जीपची ड्यूटी परत मिळेपर्यंत हलल्या नाहीत. खाणीवरचे लोक रस्त्यात तोंड फिरवू लागले, कारण बाईने मालकाचं विमान घालवलं. म्हणजे आधी तिने घाबरून विमान पाडलं, आणि आता हट्टाने मालकाला खाली उतरवलं. दोन्हीकडून तीच!

घरी एदनाने सगळं ऐकून घेतलं. मग तिने मराठीत विचारलं, अडखळत, लहानपणीच्या मराठीत, "आई, तू खरंच त्याला सगळ्यांपुढे विचारलंस? मांडीचं?"

"विचारलं."

"आणि भीती नाही वाटली?"

"वाटली तर," गेउलाबाई म्हणाल्या. "विमानात नाही. तिथे चौकशीत वाटली."

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात रब्बींनी अडवलेल्या लग्नांच्या प्रश्नावरून भारतातून आलेले आपले लोक जेरुसलेमला धरणं धरायला निघाले. बेर्शेबाहून बस भरली. गेउलाबाई, अबाजी पुढच्या बाकावर होते. अबाजी स्वतःहून आले होते, कुणी ओढलं नव्हतं. मागे अश्दोदहून आलेली माणसं बसली होती. त्यांच्यातला एक जण शेजाऱ्याला रंगवून सांगत होता, "अरे, आपलीच एक नर्स होती इकडची. विमानात बसली, घाबरली, आणि दांडाच धरला की! विमान गेलं खड्ड्यात. बिचारी!"

अबाजींनी बायकोच्या दंडाला हात लावला. त्यांना वाटलं, आज तरी राहू दे, आज सगळे एक होऊन चाललोत. पण गेउलाबाई उठल्या होत्या. चालत्या बसमध्ये एका हाताने दांडी पकडून त्या मागे तोंड करून उभ्या राहिल्या.

"कोण ते बोललं?" त्यांनी विचारलं. "ती नर्स मी. आता नीट ऐका, आणि अश्दोदला गेल्यावर हेच सांगा. माझ्या हातात बाटल्या होत्या."

बस चढावर घरघरत होती. त्यांनी आवाज चढवला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.